पर्जन्यछायेतील मेघबिंदू

केज तालुक्यातील नांदूरघाटच्या शिवारावरून आषाढ-श्रावणात जी मेघमाला पूर्वेकडे सरकत जाते, ती पुष्कळदा एक थेंबही न टाकता निघून जाते, आणि मोसम सरल्यावर महसूल दफ्तरात पैसेवारीचा आकडा तेवढा नोंदला जातो. अरबी समुद्रावरून येणारी आर्द्र हवा सह्याद्रीवर चढताना निवते, बाष्पाचा मोठा हिस्सा घाटमाथ्यावर रिता करते आणि पलीकडे उतरताना तापून अधिक कोरडी होते, हे या पर्जन्यछायेचे परिचित कारण होय. परंतु एवढ्यावर थांबणे मला अपुरे वाटते, कारण ढग तर डोळ्यांना दिसत असतात.

मेघबिंदूची त्रिज्या सुमारे 0.01 मिलिमीटर, तर पर्जन्यबिंदूची सुमारे 1 मिलिमीटर; म्हणजे पावसाचा एक थेंब घडण्यास दहा लक्ष मेघबिंदूंचे पाणी एकवटावे लागते. केवळ बाष्पाच्या संघननाने ही वाढ वेळेत होत नाही; काही बिंदू इतरांहून मोठे होऊन वेगाने खाली येऊ लागले आणि वाटेतील लहानांना सामावून घेऊ लागले, तरच ती साधते. हवेत धूळ व धूर यांचे कण विपुल असले, की तेच पाणी असंख्य सारख्या बिंदूंत वाटले जाते, आणि सारख्या गतीने पडणाऱ्यांची टक्कर क्वचितच होते.

असे मोठे बिंदू घडवण्यासाठी ढगांत विमानातून आर्द्रताशोषक क्षारांचे बीजारोपण करतात. 1962 साली स्थापन झालेल्या पुण्याच्या उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने 1973 ते 1986 या काळातील अकरा मोसमांत बारामतीच्या परिसरात मिठाचे प्रयोग केले, आणि पर्जन्यात 24 टक्के वाढ नोंदली. पुढे 2018 व 2019 मध्ये सोलापूरच्या आकाशात 276 ढगांपैकी काही यादृच्छिक पद्धतीने निवडून त्यांवर तिने कॅल्शियम क्लोराइड वापरले. तेथे वाढ सुमारे 18 टक्के आढळली.

या प्रयोगातील मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे बीज न टाकता मुद्दाम सोडून दिलेले ढग. त्यांच्याशी तुलना केल्यावाचून, पडलेला पाऊस विमानामुळे पडला की आपसूकच पडणार होता, याचा निवाडा कोणालाही करता येत नाही. शिवाय निरभ्र आकाशात ढग निर्माण करणे या विद्येच्या आवाक्यात नाही. आणि एका राशिमेघाचे आयुष्य बहुधा तासाभराचेही नसल्याने, विमान, रडार व मंजुरी यांची तजवीज मृगाच्या आधीच व्हावयास हवी, दुष्काळ जाहीर झाल्यानंतर नव्हे.