जोडीदाराचे करदेणे आणि कुटुंबाचे नागरिकत्व

गेल्या वर्षी वेसाकच्या सुट्टीत, म्हणजे बुद्ध पौर्णिमेच्या दिवशी, आम्ही उभयतांनी सिंगापूरच्या नागरिकत्वाचा अर्ज भरायला घेतला. सकाळी घरी त्रिशरण-पंचशील झाले, खीर झाली आणि दुपारी जेवणाच्या टेबलावर कागदपत्रे मांडली. मुलगा नऊ वर्षांचा. त्याचा जन्म येथलाच, शाळाही येथलीच. पुढे त्याला राष्ट्रीय सेवा करायची आहे, हे त्याने आमच्याआधी मनाशी ठरवून टाकलेले. मागील वर्षांच्या कर-निर्धारणाच्या नोटिसा काढून ठेवाव्यात, म्हणून आम्ही कराच्या संकेतस्थळावरील दोघांच्याही खात्यांत गेलो. एकाचे खाते स्वच्छ होते. दुसऱ्याच्या खात्यात न उघडलेल्या सात सूचना होत्या आणि शेवटच्या सूचनेत थकबाकीचा आकडा होता.

आमच्यापैकी कोणाच्या नावावर ते देणे होते, हे आम्ही येथे मुद्दाम लिहीत नाही. आपल्या समाजात अशी गोष्ट कळली की पहिला प्रश्न 'कोणाची चूक?' हाच विचारला जातो. चूक कशी घडली, ते मात्र सांगितले पाहिजे, कारण ती आपल्या अनेक घरांत घडू शकते. आमच्यापैकी एकाने नोकरी सोडून स्वतंत्रपणे संगणकाची लहानमोठी कामे घेण्यास सुरुवात केली होती. नोकरीत असताना पगाराची माहिती मालकाकडून परस्पर कर खात्याकडे जात असे. त्यामुळे विवरणपत्र म्हणजे दोन मिनिटांचे काम, अशी सवय लागली होती. स्वतंत्र व्यवसायाला ही सोय नाही. व्यवसायाचा निव्वळ नफा वर्षाला ६,००० डॉलरपेक्षा अधिक असेल, तर विवरणपत्र भरावेच लागते, कर शून्य निघणार असला तरीही. ऑनलाइन विवरणपत्राची अंतिम तारीख १८ एप्रिल. आम्ही ती चुकवली. कर खात्याने स्मरण दिले, तेही वाचले नाही. अखेर खात्याने अंदाजाने कर ठरवून नोटीस पाठवली आणि ती डिजिटल पेटीत पडून राहिली. दिवसभर इतरांच्या प्रणालींतील चुका शोधणाऱ्या दोन संगणक अभियंत्यांना घरातील ही चूक वर्षभर दिसली नाही.

त्या रात्री आम्हाला पडलेला प्रश्न आपल्यापैकी पुष्कळांना पडत असेल. जोडीदाराचे करदेणे थकले असेल, तर आपल्या नागरिकत्वाच्या अर्जाचे काय होते?

प्रथम कायद्याची बाजू. सिंगापुरात पती-पत्नीचे संयुक्त विवरणपत्र नसते. इनलँड रेव्हेन्यू ऑथॉरिटी, जिला सारे 'आयरास' म्हणतात, प्रत्येक व्यक्तीचे उत्पन्न स्वतंत्रपणे मोजते आणि प्रत्येकाला स्वतंत्र नोटीस देते. म्हणून पतीचा थकलेला आयकर पत्नीचा होत नाही आणि पत्नीचा पतीचा होत नाही. अपवाद असतो तो दोघांच्या नावावर असलेल्या गोष्टींचा. घर दोघांच्या मालकीचे असेल, तर त्याचा मालमत्ता कर दोघांचीही जबाबदारी ठरतो. तेच घर भाड्याने दिले असेल, तर भाड्याचे उत्पन्न आपापल्या हिश्शाप्रमाणे दोघांनीही दाखवावे लागते. पुण्या-नागपुरातील फ्लॅटच्या भाड्याविषयी मात्र पुष्कळांच्या मनात अकारण भीती असते. व्यक्तीला परदेशातून मिळालेल्या उत्पन्नावर सिंगापुरात सामान्यतः कर लागत नाही. त्याचा हिशेब भारतात द्यायचा असतो आणि तो तेथे द्यावाच.

देणे एकाचे असले, तरी त्याचे चटके घराला बसतात. आयकर नोटिशीच्या तारखेपासून एका महिन्यात भरायचा असतो. हिशेब मान्य नसला, तरीही आधी भरावा लागतो आणि हरकत नोंदवण्यासाठी व्यक्तीला ३० दिवस मिळतात. मुदत टळली की ५ टक्के दंड. त्यानंतरही देणे थकले, तर दरमहा १ टक्का, जास्तीत जास्त १२ टक्क्यांपर्यंत. म्हणजे ४,००० डॉलरच्या देण्यावर आधी २०० आणि पुढे वाढत ४८० डॉलर, असे ६८० डॉलर नुसत्या दिरंगाईपायी जाऊ शकतात. रक्कम फार मोठी नाही. खरे संकट वसुलीच्या अधिकारांत आहे. आयरास आपल्या बँकेला किंवा मालकाला 'एजंट' नेमून परस्पर पैसे वळते करून घेऊ शकते, न्यायालयात जाऊ शकते आणि देणे फिटेपर्यंत देश सोडण्यास मनाई करणारा आदेशही काढू शकते. हा शेवटचा अधिकार वाचला तेव्हा आमच्या पोटात गोळा आला. आई नागपूरला असते, वय त्र्याहत्तर, दोनदा रुग्णालयात जाऊन आलेली. मध्यरात्री फोन आला आणि चांगी विमानतळावरून परत फिरावे लागले तर? आमच्यावर तो आदेश निघालेला नव्हता. पण तो निघू शकला असता, हे आम्हाला वर्षभर ठाऊकही नव्हते.

आता नागरिकत्वाची बाजू. येथे चित्र पालटते. किमान दोन वर्षे कायमचा रहिवासी असलेली, २१ वर्षे पूर्ण झालेली व्यक्ती इमिग्रेशन अँड चेकपॉइंट्स ऑथॉरिटीकडे, म्हणजे आयसीएकडे, अर्ज करू शकते आणि त्याच अर्जात पती किंवा पत्नी व २१ वर्षांखालील अविवाहित मुले समाविष्ट होतात. कर व्यक्तीचा असतो, नागरिकत्वाचा अर्ज मात्र कुटुंबाचा असतो. सिंगापूरच्या राज्यघटनेतील १२३ वे कलम नोंदणीने नागरिकत्व मिळण्याच्या अटी सांगते. त्यांत येथे कायम राहण्याचा इरादा आहे आणि 'चांगले चारित्र्य' ही अटही आहे. सिंगापूरच्या नागरिकाशी विवाह झालेल्या स्त्रीसाठी जो वेगळा उपविभाग आहे, त्यातही चारित्र्याची अट तिच्यापुरती स्वतंत्रपणे घातलेली आहे. म्हणजे चारित्र्य ज्याचे त्याचे तपासले जाते. आयसीए अर्ज पाहताना आर्थिक योगदान, शिक्षण, वय, कौटुंबिक स्थिती, वास्तव्याचा काळ आणि येथे रुजण्याची तयारी अशा अनेक बाबी एकत्र विचारात घेते. अर्ज नाकारल्यास कारण सांगितले जात नाही. 'इतके डॉलर थकले की अर्ज बाद' असा कोणताही छापील नियम नाही. पण ज्या कुटुंबाचे योगदान आणि विश्वासार्हता तोलली जाणार आहे, त्याच्या एका सदस्याच्या नावावर राज्याचेच देणे थकलेले असणे ही काही अर्जाला बळ देणारी गोष्ट नव्हे. आणि नकाराचे कारण कधीच कळणार नसल्याने, आपल्या हाती असलेली शंका आधीच दूर करणे एवढेच आपण करू शकतो.

या काळात आम्हाला सल्ले पुष्कळ मिळाले. एका परिचितांनी सुचवले, "देणे ज्याच्या नावावर आहे त्याला अर्जातून वगळा. एकाचे आणि मुलाचे होऊ द्या, दुसऱ्याचे नंतर पाहू." आम्ही दोन रात्री यावर बोललो. व्यवहारातही हा सल्ला लंगडा आहे, कारण विवाहित अर्जदाराला जोडीदाराची माहिती द्यावीच लागते. पण आम्हाला खटकले ते निराळेच. स्वतंत्र कर-निर्धारण म्हणजे पत्नीला पतीच्या सावलीतून बाहेर काढून स्वतःच्या नावाने राज्यासमोर उभे करणे. स्त्रीला मालमत्तेत स्वतःचे स्थान मिळावे म्हणून बाबासाहेबांनी हिंदू कोड बिलासाठी किती झीज सोसली आणि १९५१ च्या सप्टेंबरमध्ये मंत्रिपदही सोडले, हे आपल्या घराघरांत सांगितले जाते. तो स्वतंत्रपणाचा हक्क अडचणीच्या वेळी एकमेकांना टाकून देण्याची पळवाट म्हणून वापरावा, हे आम्हाला पटले नाही. अर्ज करायचा तर तिघांचा, असे ठरले.

इतर देशांत राहणाऱ्या आपल्या बांधवांसाठी थोडे तेथले. अमेरिकेत पती-पत्नीने संयुक्त विवरणपत्र भरले, तर संपूर्ण कराला दोघेही जबाबदार असतात. तेथे जोडीदाराचे देणे हे बहुधा आपलेच देणे असते आणि नागरिकत्वाच्या अर्जात थकीत कराविषयी थेट प्रश्न विचारला जातो. जोडीदाराने आपल्या नकळत उत्पन्न दडवले असेल, तर 'निर्दोष जोडीदार' म्हणून सुटका मागता येते, पण ती वेळीच मागावी लागते. हप्ते ठरवून ते नियमित भरत असल्याचा पुरावा तेथे उपयोगी पडतो. ब्रिटनमध्ये २०१८ च्या सुमारास कर-विवरणातील तफावतीवरून अनेक कुशल स्थलांतरितांचे कायम वास्तव्याचे अर्ज फेटाळले गेले. त्यांत भारतीय उपखंडातील लोक मोठ्या संख्येने होते. २०१९ च्या एप्रिलमध्ये तेथील अपील न्यायालयाने 'बालाजीगरी' प्रकरणात बजावले, की अप्रामाणिकपणाचा ठपका ठेवण्यापूर्वी अर्जदाराला आपली बाजू मांडण्याची संधी दिली पाहिजे. या निकालाने अनेकांना दिलासा मिळाला, पण तोवर त्यांची वर्षे गेली होती. प्रामाणिक चूक आणि लबाडी यांतील भेद दाखवण्याचे ओझे शेवटी आपल्याच कागदांवर येते.

आम्ही काय केले, ते क्रमाने सांगतो. प्रथम अर्ज थांबवला. मग राहिलेले विवरणपत्र खऱ्या आकड्यांसह भरले, सोबत प्रत्येक बिल आणि बँकेची नोंद जोडली. खात्याचा अंदाज आमच्या खऱ्या उत्पन्नापेक्षा जास्त होता. सुधारित नोटीस येईपर्यंत थांबण्याचा मोह झाला, पण देणे आधी भरून टाकले. त्यासाठी आईच्या नावाने वेगळ्या ठेवलेल्या पैशाला हात लावावा लागला. तिला फोनवर सांगितले, तेव्हा ती एवढेच म्हणाली, "सरकारचं देणं ठेवू नका रे. तुझ्या आजोबांनी सावकाराचं फेडता फेडता जन्म घालवला." त्यानंतर दंडमाफीची विनंती केली. पैसे भरल्याच्या पावत्या, सुधारित नोटीस आणि सारा पत्रव्यवहार एका फाइलीत लावला. अर्ज गेला तो खाते शून्यावर आल्यानंतरच, पाच महिने उशिरा.

वाचकांना आमची विनंती अशी. अर्जाच्या किमान सहा महिने आधी दोघांनीही आपापले कर-खाते एकमेकांसमोर उघडून पाहावे. स्वतंत्र व्यवसाय असेल, तर मेडिसेव्हची वर्गणी थकलेली नाही ना, हेही पाहावे. ते देणे निराळे असते आणि लक्षात राहत नाही. रक्कम एकदम भरणे शक्य नसेल, तर गप्प न राहता हप्ते मागावेत. वेळेत मागणी केल्यास गायरोमार्फत बारा मासिक हप्त्यांत बिनव्याजी कर भरता येतो. पूर्वीच्या विवरणपत्रात उत्पन्न दाखवायचे राहून गेले असेल, तर खात्याने विचारण्यापूर्वी स्वतःहून कळवावे. मुदतीपासून एका वर्षाच्या आत कळवल्यास सामान्यतः दंड होत नाही, त्यानंतर वर्षाला ५ टक्के या सवलतीच्या दराने होतो. याउलट जाणूनबुजून कर चुकवल्याचे सिद्ध झाले, तर चुकवलेल्या कराच्या तिप्पट दंड आणि तुरुंगवासही होऊ शकतो आणि मग चारित्र्याच्या अटीपुढे मांडायला काही उरत नाही. गुंतागुंत असेल, तर कर-सल्लागाराची फी देण्यात कंजुषी करू नये.

कर हा विषय आपल्याला परका नसावा. बाबासाहेब कोलंबियात ज्या प्राध्यापक सेलिगमन यांच्यापाशी शिकले, ते करशास्त्राचे मोठे अभ्यासक होते. प्रांतिक वित्तव्यवस्थेवरील बाबासाहेबांच्या १९२५ च्या ग्रंथाला प्रस्तावना त्यांचीच आहे. आणि तथागतांनी अनाथपिंडिकाला गृहस्थाची जी चार सुखे सांगितली, त्यांत 'अनणसुख', म्हणजे कोणाचेही देणे नसण्याचे सुख, तिसरे आहे. लहानपणी विहारात ते ऐकले तेव्हा सावकार डोळ्यांपुढे येई. आता कराची नोटीस येते.

अर्ज मंजूर झाला, तर आम्हाला भारताचे नागरिकत्व सोडावे लागेल. परकीय नागरिकत्व स्वेच्छेने घेणारा भारताचा नागरिक राहत नाही, हे तत्त्व बाबासाहेबांनी घडवलेल्या घटनेच्या नवव्या कलमातच आहे. त्या दिवशी काय वाटेल, ते आज सांगता येत नाही. हे लिहीत असताना आयसीएचे उत्तर आलेले नाही. मुलगा दर शुक्रवारी विचारतो, "पत्र आलं का?" आम्ही दोघेही दर शुक्रवारी पेटी उघडून पाहतो, पत्रांचीही आणि कराचीही.

जय भीम. नमो बुद्धाय.