कॉल उचललाच नाही, तरी फोन हॅक?

‘व्हॉट्सॲप एन्क्रिप्टेड आहे, मग काळजी कशाला?’ असं म्हणणाऱ्या नागपूरकरांसाठी ही पोस्ट. 🔐

2019 मध्ये व्हॉट्सॲपने जगभरातल्या सुमारे 1,400 जणांना कळवलं, की इस्रायलच्या एनएसओ कंपनीचं ‘पेगासस’ हे हेरगिरीचं सॉफ्टवेअर (स्पायवेअर) त्यांच्या फोनवर सोडण्यात आलं होतं. त्यात आपल्या नागपूरचे वकील निहालसिंग राठोडही होते.

हल्ला व्हायचा कसा? व्हॉट्सॲप कॉल यायचा. कॉल जोडताना फोन जो डेटा आपोआप वाचतो, त्यातच गडबड केलेली असायची. तो मेमरीत मावायचा नाही, बाहेर सांडायचा आणि त्या फटीतून स्पायवेअर आत शिरायचं. कॉल उचलायचीही गरज नव्हती!

मग एन्क्रिप्शन तुटलं का? अजिबात नाही. ते मेसेजला वाटेत जपतं. पण स्क्रीनवर तो तुम्हाला वाचता येतो, म्हणजे फोनमध्ये घुसलेल्यालाही येतो. पाकीट सीलबंद, पण वाचणारा तुमच्या खांद्यामागे उभा!

व्हॉट्सॲपने ती फट मे 2019 मध्ये बुजवली आणि ऑक्टोबरमध्ये एनएसओला अमेरिकेत कोर्टात खेचलं. डिसेंबर 2024 मध्ये कोर्टाने एनएसओला जबाबदार ठरवलं.

आपण काय करायचं?
✅ अपडेट आलं की लगेच टाका. अशा फटी त्यानेच बुजतात.
✅ फोन अधूनमधून रीस्टार्ट करा. काही स्पायवेअर त्याने निघून जातं.
✅ वकील, पत्रकार, कार्यकर्ते असाल आणि आयफोन असेल, तर त्यातला कडक सुरक्षेचा ‘लॉकडाउन मोड’ सुरू करा.

शेवटचं अपडेट कधी टाकलं होतं? आत्ताच सेटिंगमध्ये जाऊन बघा बरं!