पालीतला पुरुष, सरड्यातली स्त्री

मराठी व्याकरणाने मुक्या जिवांची मोठी गंमत करून ठेवली आहे. 'पाल' म्हटली की ती स्त्रीलिंगी आणि 'सरडा' म्हटला की तो पुल्लिंगी! एखाद्या परक्याला वाटावे, पाल ही सरड्याची धर्मपत्नीच असावी. वस्तुतः दोघांची कुळे निराळी, आणि दोन्ही कुळांत नर आहेत, माद्याही आहेत. वर्गात लिंगविचार शिकवताना मी हे उदाहरण देतो, तेव्हा एखादा चौकस विद्यार्थी हटकून विचारतो, "पण सर, ओळखायचे कसे?"

प्रश्न रास्त आहे. विलायतेत हौशी लोक काचेच्या टाकीत न्यूट नावाचा प्राणी पाळतात. दिसायला पालीसारखा, पण गोत बेडकाचे. त्यांनाही हेच कोडे पडते. विणीच्या हंगामात नराच्या शेपटीच्या बुडाशी फुगवटा येतो, काही जातींत पाठीवर तुराही उभा राहतो. त्यावरून ते निवाडा करतात. न्यूटचे भाईबंद आपल्या देशात दार्जिलिंगच्या डोंगरात आहेत. आमच्या ठाण्यातल्या खोपटला मात्र न पाळताही घरोघर नांदते ती पाल.

रात्री दिव्याच्या किड्यांसाठी ती खिडकीच्या काचेवर येते, तेव्हा पलीकडून तिचे पोट निरखावे. मागच्या मांड्यांखाली बारीक छिद्रांची रांग आणि शेपटीच्या बुडाशी दोन उंचवटे दिसले, तर तो नर. मादी गाभण असेल, तर पातळ कातडीतून दोन पांढरी अंडी चक्क दिसतात. सलग चुकचुकणारा बहुधा नरच असतो. तो आपली हद्द जाहीर करीत असतो. म्हणजे आपल्या मनात जी शंकेची पाल चुकचुकते, तीही पुरुषच म्हणायची! पंचांगात पल्लीपतनाचे फळ सांगताना पुरुषाची उजवी बाजू, स्त्रीची डावी, असा बारीक भेद केला आहे. पडणाऱ्या पालीचे लिंग मात्र कोणी विचारले नाही.

सरड्याची गोष्ट इतकी हसण्यावारी नेण्याजोगी नाही. एरवी नर-मादी दोघेही मातकट. पण पावसाळ्याच्या सुमारास नराचे डोके व खांदे लालभडक होतात, गळ्याशी काळे डाग उमटतात, आणि कुंपणावर बसून तो जोर काढू लागतो. तेवढाच त्याचा मुलूख. 'सरड्याची धाव कुंपणापर्यंत' हे हिणवणे त्याच्या लेखी मालकीहक्क आहे! मादी साधीच राहते आणि माती उकरून अंडी घालते. तिच्यासाठी धारण केलेली ही लाली नराच्या जिवावर बेतते. तो दुरून माणसाचे रक्त पितो, अशी समजूत आहे. इंग्रजांनीही त्याला रक्तपिप्याच म्हटले. मग पोरे दगड उचलतात. बिचाऱ्याला ना विष, ना रक्ताची चटक. खातो तो किडे.

या दिवाळीपर्यंत ती लाली बहुतेक ओसरली असेल. पुढल्या पावसाळ्यात कुंपणावर लाल डोके दिसले, तर वाचकहो, शेजारच्या पोराला एवढेच सांगा: "अरे, तो रक्त पीत नाही, लग्नाला उभा आहे. दगड खाली ठेव."