घरातील कुत्र्यामांजरांचे जंत आणि आपली मुले

मॉरिशसमधील आपल्या मराठी वस्त्यांत कुत्रे नसलेले अंगण क्वचितच दिसते. कास्कावेल असो, हेन्रिएटा असो की व्हाक्वा, रात्री राखणीला कुत्रे आणि उंदरांवर मांजर ही आजोबा-पणजोबांपासून चालत आलेली रीत आहे. दत्तगुरूंच्या पायांशी चार कुत्रे असतात हे लहान मुलेही तसबीर पाहून जाणतात. या मुक्या सोबत्यांना आपण उरलेसुरले अन्न घालतो, ते आजारी पडले तर हळहळतो. पण त्यांच्या पोटात काय चालले आहे याचा विचार फारसा करीत नाही. आज आम्ही वाचकांचे लक्ष याच विषयाकडे वेधू इच्छितो, कारण हा प्रश्न केवळ जनावराचा नाही. त्याच लाकूरमध्ये अनवाणी खेळणाऱ्या आपल्या मुलांचाही तो आहे.

आपले बेट रेबीजपासून मुक्त आहे, ही मोठ्या भाग्याची गोष्ट होय. परंतु त्यामुळे कुत्र्यापासून माणसाला कसलाच रोग होत नाही असे समजणे चुकीचे ठरेल. जंतांच्या अंड्यांना हवी असते ऊब, सावली आणि ओली माती. नोव्हेंबर ते एप्रिल या उष्ण पावसाळी महिन्यांत हे तिन्ही आपल्या अंगणात आयते मिळते.

पिल्लांचे गोल जंत

कुत्र्यांत सर्वांत जास्त आढळणारे जंत म्हणजे शेवयांसारखे दिसणारे पांढरे गोल जंत. यांचे वैशिष्ट्य असे की पिल्लू जन्माला येण्यापूर्वीच आईच्या गर्भात त्यांची लागण होते, व पुढे आईच्या दुधातूनही होते. म्हणून आई धडधाकट दिसली तरी पिल्ले जंतमुक्त आहेत असे धरून चालू नये. पिल्लाचे पोट नगाऱ्यासारखे फुगलेले असले की घरातील माणसे म्हणतात, बाळसे धरले आहे. वास्तविक पोट मोठे, हातपाय काडीसारखे आणि केस रुक्ष, ही जंतांची खूण असते. जंत फार झाले तर आतडे तुंबून पिल्लू दगावते.

एक मादी दिवसाला लाखभर अंडी घालू शकते. ही अंडी विष्ठेतून मातीत जातात. ताज्या विष्ठेतील अंडी लगेच अपाय करीत नाहीत. मातीत दोन-तीन आठवडे राहिल्यावर ती घातक बनतात, आणि मग कित्येक वर्षे तशीच टिकून राहतात. मातीत खेळलेले हात मुलाने तोंडात घातले की ती पोटात जातात. माणसाच्या शरीरात या जंतांची पूर्ण वाढ होत नाही, पण त्यांच्या अळ्या यकृतात, फुप्फुसांत आणि कधी डोळ्यांत भटकतात. बहुतेक मुलांना काही जाणवतही नाही. परंतु अळी डोळ्यात शिरली तर त्या डोळ्याची दृष्टी कायमची अधू होऊ शकते.

रक्त पिणारे जंत

दुसरा प्रकार अंकुशकृमींचा. हे आतड्याला चिकटून रक्त पितात. कुत्र्याच्या हिरड्या पांढुरक्या पडल्या, विष्ठा डांबरासारखी काळी होऊ लागली, तर विलंब न लावता जनावरांच्या डॉक्टरकडे न्यावे. लहान पिल्लू अशा रक्तक्षयाने थोड्या दिवसांतच मरते. या जंतांच्या अळ्या ओल्या मातीतून व वाळूतून थेट कातडीत शिरतात. माणसाच्या पायावर त्यांची तांबडी, नागमोडी, भयंकर खाजणारी रेघ उमटते. मुलांना चपला घालण्याचा आग्रह धरावा तो यासाठीच, अंगणात आणि कुत्री हिंडतात अशा किनाऱ्यावरसुद्धा.

चपटे जंत आणि पिसवा

कुत्र्याच्या शेपटीखाली किंवा त्याच्या झोपायच्या पोत्यावर तांदळाच्या कण्यांसारखे तुकडे दिसले तर ते चपट्या जंतांचे समजावेत. हे जंत पिसवांतून येतात. पिसू चावली म्हणून कुत्रे अंग चाटते, पिसू गिळते आणि जंत पोटात वाढतो. म्हणून नुसती गोळी देऊन भागत नाही. पोते उन्हात टाकले नाही, पिसवा मारल्या नाहीत, तर महिन्याभरात जंत परत हजर होतात. चपट्या जंतांचे इतर काही प्रकार कच्च्या मांसातून येतात. बोकड कापल्यावर किंवा हरणाची शिकार झाल्यावर आतडी आणि काळीज कुत्र्यापुढे कच्चेच टाकण्याची सवय सोडावी. द्यायचेच असेल तर नीट शिजवून द्यावे.

डासातून हृदयात

आणखी एक जंत आतड्यात नव्हे तर हृदयात राहतो. तो डासाच्या चाव्यातून येतो, सुमारे सहा महिन्यांत पूर्ण वाढतो आणि वीतभराहूनही लांब होतो. कुत्रे खोकू लागते, थोडे धावले तरी थकते, शेवटी पोटात पाणी साठते. तोवर उपचार खर्चिक आणि धोक्याचे झालेले असतात. नेहमीची जंतांची गोळी या मोठ्या जंतांना मारीत नाही. यासाठी दरमहा द्यावयाचे वेगळे प्रतिबंधक औषध असते, आणि मोठ्या कुत्र्याला ते सुरू करण्याआधी रक्ततपासणी करावी लागते. २००५-०६ च्या चिकुनगुन्याच्या साथीने अंगणातले साचलेले पाणी काढून टाकण्याचा धडा आपल्याला दिला होता. तो धडा कुत्र्याच्याही उपयोगाचा आहे.

मांजराविषयी थोडेसे

मांजराला उंदीर, पाली आणि पिसवा यांतून जंत होतात. शिवाय मांजराच्या विष्ठेतून पसरणारा टॉक्सोप्लाझ्मा हा सूक्ष्म परजीवी गर्भातील बाळाला अपाय करू शकतो. पण म्हणून घरात सून गरोदर आहे असे कळताच मांजर रस्त्यावर सोडण्याचे कारण नाही. हा परजीवी विष्ठेत पडल्यावर घातक होण्यास एक ते पाच दिवस लागतात. तेव्हा विष्ठा रोजच्या रोज, घरातील दुसऱ्या कोणीतरी काढावी. गरोदर स्त्रीने बागेत काम करताना हातमोजे घालावेत, पालेभाजी नीट धुवावी आणि मांस पूर्ण शिजवून खावे.

काय करावे?

पिल्लू दोन आठवड्यांचे झाले की पहिले औषध द्यावे. त्यानंतर आठ आठवड्यांपर्यंत दर दोन आठवड्यांनी, पुढे सहा महिन्यांचे होईपर्यंत दरमहा, आणि मोठेपणी साधारणपणे दर तीन महिन्यांनी द्यावे. पिल्लांबरोबर आईलाही द्यावे. मांजराच्या पिल्लांना तिसऱ्या आठवड्यापासून सुरुवात करावी. औषध त्या वेळी आतड्यात असलेल्या जंतांना मारते. मातीतून नव्याने येणाऱ्यांना अडवीत नाही. म्हणून एकदा दिले आणि काम झाले असे होत नाही.

मात्रा जनावराच्या वजनाप्रमाणे डॉक्टरकडून ठरवून घ्यावी. गुरांसाठी असलेले आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन अंदाजाने कुत्र्याला टोचू नये. या औषधाच्या शोधाला २०१५ साली नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला, इतके ते गुणकारी. परंतु जादा मात्रा झाली तर कुत्र्याच्या मेंदूवर परिणाम होतो, आणि कोली जातीच्या काही कुत्र्यांना ती प्राणघातक ठरते. तसेच कुत्र्याचे पिसवांचे औषध मांजराला लावू नये. त्यातील परमेथ्रिन मांजराला विषासमान आहे. आजीबाईच्या बटव्यातील वावडिंग आम्हीही मानतो, पण कुत्र्याच्या बाबतीत त्यावर विसंबू नये. लसूण तर मुळीच देऊ नये, कारण लसूण आणि कांदा कुत्र्यामांजरांच्या रक्तातील तांबड्या पेशी नष्ट करतात.

सर्वांत स्वस्त उपाय मात्र फावड्याचा आहे. विष्ठा रोज उचलून टाकली तर अंडी घातक होण्याआधीच अंगणातून जातात. ती भाजीच्या वाफ्यात खत म्हणून पुरू नये. मुलांनी जेवणापूर्वी साबणाने हात धुवावेत. खेळायच्या वाळूचा ढीग झाकून ठेवावा.

भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावलेल्या संत नामदेवांची कथा आपण मुलांना आवडीने सांगतो. तीच मुले घरच्या कुत्र्याची देखभालही शिकू शकतील. आपल्या मराठी शिक्षकांनी हा विषय वर्गात जरूर घ्यावा, आणि भगिनींनी बैठकीत त्याची चर्चा करावी. वाचकहो, आपल्या कुत्र्याला किंवा मांजराला जंतांचे औषध शेवटचे कधी दिले ते आजच आठवून पाहा. तारीख आठवत नसेल तर याच आठवड्यात डॉक्टरकडे जा, आणि पुढची तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयावर लिहून ठेवा.