सतरा अंकी डेम्लो

दोस्तांनो, ही संख्या वहीत नीट लिहून घ्या बरं: १२३४५६७८९८७६५४३२१.

अंक झाले सतरा. भास्कराचार्यांनी 'लीलावती'त एककापासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावं दिली आहेत. त्यांतलं सतरावं म्हणजे 'मध्य'. आपली संख्या थेट तिथवर पोचते. साध्या कॅल्क्युलेटरमध्ये ती मावायचीच नाही!

डावीकडून वाचा नाहीतर उजवीकडून, ती तीच. पण खरी गंमत आहे तिच्या जन्मात. ओळीने नऊ वेळा १ लिहा आणि त्या १११११११११ ला तिनेच गुणा. शाळेत करतो तसा गुणाकार मांडला की प्रत्येक ओळ एकेक घर डावीकडे सरकते. अगदी उजव्या घरात एकच १ येतो, शेजारच्या घरात दोन, मग तीन... मधल्या घरात नऊ, आणि तिथून पुढे उतरण. हातचा कुठेच नाही!

या घराण्याला 'डेम्लो' हे नाव दिलं दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५-१९८६) यांनी. ते नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर होते. ज्या रेल्वे स्टेशनवर त्यांना ही कल्पना सुचली, त्याचंच नाव त्यांनी संख्यांना देऊन टाकलं. त्यांचा हा उद्योग कित्येकांना पोरखेळ वाटे. पुढे १९७५ साली अमेरिकेच्या मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा जगभर नाव झालं.

कापरेकरांचंच दुसरं घराणं 'हर्षद' संख्यांचं. अंकांची बेरीज करा. तिने मूळ संख्येला निःशेष भाग गेला तर संख्या हर्षद. जसे १८: १ + ८ = ९, आणि ९ दुणे १८.

आपल्या संख्येच्या अंकांची बेरीज ८१. आता सतरा अंकी भागाकार करायचा? छे! १११११११११ च्या अंकांची बेरीज ९, म्हणजे तिला ९ ने भाग जातो. मग तिच्या वर्गाला ९ × ९ ने, म्हणजे ८१ ने, जाणारच. झाली हर्षद!

मग सगळ्याच डेम्लो हर्षद असतील? थांबा, तपासून पाहू. १२१ ची बेरीज ४. भाग जात नाही. १२३२१ ची ९. भाग जातो, १३६९ वेळा. १२३४३२१ ची १६, पण संख्या विषम, तेव्हा नाहीच. पहिल्या नऊ डेम्लोंत हर्षद फक्त तीन: पहिली, तिसरी आणि नववी. कारण जितके १ घेऊ, त्या आकड्याचा वर्ग हीच अंकांची बेरीज. म्हणून प्रश्न एवढाच उरतो की तितक्या एकांच्या संख्येला त्या आकड्याने भाग जातो का. सात एकांना ७ ने भागून पाहा. बाकी १ उरते.

आता दहा वेळा १ घ्या. मधल्या घरात दहा येतात आणि हातचा घ्यावाच लागतो. उत्तर येतं १२३४५६७९००९८७६५४३२१. सगळी घडीच विस्कटली की! डावीकडचा ८ कुठे गेला, ते हातचा मोजत शोधा पाहू.