लहान विमानाचे कागद आणि तपासण्या

16 एप्रिल 2025 रोजी बेलोऱ्याहून अमरावती–मुंबई प्रवासी विमानसेवा सुरू झाली. अकोल्याजवळ शिवणीची धावपट्टी तर जुनीच आहे. त्यामुळे वऱ्हाडातल्या एखाद्याच्या मनात चार आसनी विमान घ्यायचं आलं, तर आधी समजून घ्यायला हवं की ते उडवण्यासाठी काय काय लागतं.

पहिला कागद नोंदणी प्रमाणपत्राचा. नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए, तो देतं. विमानावरची ‘व्हीटी’ने सुरू होणारी अक्षरं याच नोंदणीची. शेताला सातबारा, तसा विमानाला हा कागद. मालक कोण ते त्यावरून कळतं, पण विमान उडण्याजोगं आहे की नाही ते कळत नाही. त्यासाठी उड्डाणयोग्यता प्रमाणपत्र लागतं आणि त्याच्या जोडीला आढाव्याचं प्रमाणपत्र, ज्याला सगळे एआरसी म्हणतात. एआरसीची मुदत एक वर्षाची. शिवाय विमा, विमानातल्या रेडिओचा परवाना, वजनाचा तक्ता, उड्डाण पुस्तिका आणि प्रवासाची लॉगबुक हवी.

उड्डाण पुस्तिका सोबत का, हे मे महिन्यात अकोल्यात कळतं. पारा 45 अंशांवर गेला की हवा विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाची ताकदही घटते. धावपट्टी किती लागेल, ते पुस्तिकेतल्या तक्त्यात तापमान बघूनच ठरवायचं.

आता तपासण्या. पिस्टन इंजिनाच्या बहुतेक विमानांत साधारण 50 तासांनी तेल आणि फिल्टर बदलतात. जुना फिल्टर कापून आतला कागद उलगडतात. त्यात धातूचे कण चमकले, तर इंजिनात काहीतरी झिजतंय. 100 तासांच्या तपासणीत प्रत्येक सिलिंडरमध्ये दाबाची हवा सोडून तो दाब किती धरतो ते पाहतात. हवेची फुसफुस एक्झॉस्टमधून आली, तर झडप गळतेय. तेल भरायच्या तोंडातून आली, तर पिस्टनच्या रिंगा. तासांबरोबर महिनेही मोजले जातात, कारण पावसाळाभर उभ्या राहिलेल्या विमानाच्या सिलिंडरला आतून गंज चढतो.

आपल्या विमानाच्या मॉडेलमध्ये कुठेही घातक दोष सापडला, तर उड्डाणयोग्यतेचा आदेश निघतो. विमान अमेरिकी बनावटीचं असेल, तर तिथल्या विमान वाहतूक प्रशासनाचे, म्हणजे एफएएचे, आदेश इथेही पाळावे लागतात. काम झाल्यावर परवानाधारक अभियंता नोंद करून सही करतो. त्या सहीशिवाय दुरुस्ती पूर्ण धरत नाहीत.

रोजची तपासणी मात्र वैमानिकाची. टाकीच्या तळातून थोडं इंधन पारदर्शक पेल्यात काढायचं: एव्हगॅस निळसर दिसतं आणि पाणी असेल, तर खाली वेगळं बसतं. वेग मोजणाऱ्या पिटो नळीचं तोंडही बघायचं, कारण झाकण राहिलं की कुंभारमाशी तिथे मातीचं घर करते.

जुनं विमान घेताना म्हणूनच रंगाकडे नंतर बघा. आधी विमान, इंजिन आणि पंखा यांच्या लॉगबुका मागा, त्यातले सुट्या भागांचे क्रमांक प्रत्यक्ष भागांशी जुळवा आणि प्रत्येक आदेशासमोर सही आहे का ते तपासा. कामं अभियंता करतो, पण विमान उडण्याजोगं ठेवण्याची जबाबदारी मालकाचीच असते. शेजारच्या आसनावर आपलंच माणूस बसणार असतं.