पूर्वेच्या डोंगरावरून येणारा पिवळा गोळा

२०२४ च्या पावसाळ्यात बीड जिल्ह्यातली कितीतरी गावं रात्र रात्र जागली. ‘ड्रोन आलं’ अशी हाक उठायची, माणसं काठ्या आणि बॅटऱ्या घेऊन बाहेर पडायची, आभाळातल्या दिव्याकडे बोटं वळायची. अशा घोळक्यात एखादा निवृत्त फौजी असला की सगळे त्याच्या तोंडाकडे बघतात. ज्यानं सीमेवर पहारा दिला, त्याला आभाळातलं कळणार नाही तर कुणाला?

जवानाच्या शब्दावरचा हा विश्वास माझाही आहे. पण माणूस खरं बोलतोय म्हणून त्याला दिसलेलं खरंच तसं होतं, असं होत नाही. याचा धडा आपल्याच सैन्याच्या नोंदवह्यांतून मिळालेला आहे.

२०१२ चा ऑगस्ट. लडाखमध्ये पँगाँग सरोवराजवळ ठाकुंगला पहाऱ्यावर असलेल्या भारत-तिबेट सीमा पोलिसांनी आणि लष्कराच्या १४ व्या कोअरनं वर कळवायला सुरुवात केली. चीनच्या बाजूच्या डोंगरांवरून पिवळसर गोळा वर येतो, तीन ते पाच तास संथपणे आभाळ कापतो आणि दिसेनासा होतो. अडीच महिन्यांत अशा शंभरावर नोंदी झाल्या. रडार आणलं, त्यावर काही उमटेना. स्पेक्ट्रम अॅनालायझर लावला, कसलेही संदेश सापडेनात. सुरुवातीच्या बातम्यांत तर हे ग्रह नव्हेत, असंच छापून आलं. फेब्रुवारी २०१३ पर्यंत नोंदी ३२९ झाल्या आणि त्यांतल्या १५५ वेळा ती वस्तू आपल्या हद्दीत शिरली, असा जवानांचा समज झाला. बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी अखेर छडा लावला. ते गुरू आणि शुक्र होते.

२०१२ च्या ३ डिसेंबरला गुरू पृथ्वीच्या एका बाजूला आणि सूर्य बरोबर विरुद्ध बाजूला होता. म्हणजे पावसाळ्याच्या शेवटापासून तो रोज सुमारे चार मिनिटं आधी उगवत उगवत डिसेंबरात सूर्यास्तालाच पूर्वेला हजर होऊ लागला. आणि ठाकुंगहून पूर्वेकडे पाहिलं की समोर चीन. शुक्र तेव्हा पहाटेचा होता. सरोवर ४,२०० मीटरहून उंच; तिथली हवा विरळ, धूळ जवळजवळ नाही, त्यामुळे ग्रह आपल्या डोळ्यांना सवयीच्या तेजापेक्षा कितीतरी प्रखर दिसतात. शिवाय काळ्याकुट्ट आभाळात एकाच ठिपक्याकडे टक लावली, की थोड्या वेळानं तो ठिपका भरकटू लागतो. बुबुळांच्या नकळत होणाऱ्या हालचालींमुळे प्रत्येकाला तसं दिसतं, मग अंगावर वर्दी असो वा नसो.

त्याच हिवाळ्यात बीडचे ऊसतोड कामगार कारखान्यांच्या वाटेनं निघाले होते. पहाटेच्या अंधारात कोयता घेऊन फडात उतरताना पूर्वेला तीच शुक्राची चांदणी होती. तिथे तिला कुणी घुसखोर म्हटलं नाही, कारण फडात कुणी शत्रूची वाट पाहत बसलेलं नव्हतं. पहारेकऱ्याला मात्र वाट पाहण्याचंच काम दिलेलं असतं. त्याची शिस्त त्याला प्रत्येक उजेडात धोका शोधायला शिकवते, आणि ती तशीच असायला हवी. मला जास्त मोलाचं वाटतं ते हे, की त्यांनी जे दिसलं ते शेकडो वेळा लिहून ठेवलं. नोंदी असल्या की त्या ताऱ्यांच्या जागांशी ताडून पाहता येतात. नुसती आठवण असती तर आज लडाखच्या उडत्या तबकड्यांची दंतकथाच उरली असती.

अमेरिकेत नेमकं उलटं घडलं. २६ जुलै २०२३ रोजी हवाई दलाचे माजी गुप्तचर अधिकारी डेव्हिड ग्रश यांनी तिथल्या संसदीय उपसमितीपुढे शपथेवर सांगितलं, की सरकारच्या ताब्यात माणसानं न बनवलेली यानं आहेत. त्यांनी स्वतः एकही पाहिलेलं नव्हतं. चार वर्षांत चाळीसहून अधिक लोकांशी बोलून त्यांनी हे जमवलं होतं. आपल्या कोर्टात याला ऐकीव पुरावा म्हणतात. मार्च २०२४ मध्ये पेंटागॉनच्या चौकशी कार्यालयानं जुन्या फायली आणि साक्षी तपासून अहवाल दिला. परग्रहावरच्या कशाचाही पुरावा नाही, आणि त्या यानांच्या गोष्टी बव्हंशी एकाच छोट्या वर्तुळातली माणसं एकमेकांना सांगत आली आहेत. चाळीस तोंडांतून आलेली गोष्ट एकाच तोंडातून निघालेली असू शकते, हे पारावर बसणाऱ्या कुणालाही पटेल. ‘सगळं गोपनीय आहे, दाखवता येत नाही’ या वाक्यानं तर तपासाचं दारच बंद होतं. ज्याचं खोटेपण सिद्ध होण्याची वाटच ठेवलेली नाही, त्या दाव्यावर मी हुद्दा पाहून विश्वास ठेवणार नाही.

परग्रहावरच्या जीवांचा शोध घेणं वेडेपणाचं आहे, असं मात्र मुळीच नाही. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर त्या शोधात मनापासून होते. त्यांच्या चमूनं इस्रोच्या मदतीनं एप्रिल २००५ मध्ये हैदराबादहून सोडलेल्या फुग्यानं २० ते ४१ किलोमीटर उंचीवरची हवा निर्जंतुक नळकांड्यांत भरून आणली. तिच्यात जिवाणूंच्या तीन नव्या जाती सापडल्या. एवढं हाती असूनही, ते बाहेरून आले हे यानं सिद्ध होत नाही, असंच संशोधकांनी जाहीर केलं.

पुन्हा कधी गावात हाक उठली, तर घराच्या भिंतीला डोकं टेकवून तो दिवा लिंबाच्या एखाद्या फांदीच्या टोकाशी जुळवा आणि वेळ लिहा. साधा ड्रोन घरघरतो आणि बहुधा अर्ध्या तासात त्याची बॅटरी संपते. ग्रह तासाला पंधरा अंश सरकतो, आवाज न करता. दुसऱ्या रात्री त्याच भिंतीशी उभे राहा. तोच दिवा त्याच फांदीशी जवळजवळ त्याच वेळी, काही मिनिटांच्या फरकानं पोचला, तर गस्तीवरच्या पोरांना झोपायला पाठवा.